परतीच्या टेम्पोतलं सामान

६ एप्रिल, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. निर्णय लेखी असला की माणूस बांधला जातो. तीस वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क होतो, त्यामुळे हे मला नवीन नाही.

निर्णय: मागची खोली ५ मेपर्यंत रिकामी करणे.

कारण: सौ. सगुणाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन २ मेला. डॉक्टरांनी बजावलंय, नंतर जिना चढायचा नाही, खाली बसायचं नाही, कमोडच पाहिजे. आम्ही झोपतो वर माडीवर. कमोड घरात एकच, खाली, मागच्या खोलीला लागून. तो मी सहा वर्षांपूर्वी सदूदादासाठी बसवला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, डोंबिवलीला असतो. धंद्यातून रिटायर झाला की इकडे राहायला येणार. त्याला खाली बसायची सवय राहिलेली नाही.

खोलीत तूर्त दादाचं सामान आहे. कमोडपर्यंत पोचता येत नाही, एवढाच प्रश्न. चार आठवडे हातात आहेत. सगुणाला प्लॅन सांगितला. म्हणाली, बरं. तिचा उत्साह हा असा.

७ एप्रिल

खोलीची पाहणी केली. दारातून. आत शिरता आलं नाही.

दिसलं ते: सोफे दोन, पेटीसारखे जुने टीव्ही तीन, फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्यांची चळत, चालायचं मशीन म्हणजे ट्रेडमिल, माशांची काचेची पेटी. त्यामागे अजून काहीतरी हिरवं आहे. बहुतेक कपाट.

हे सगळं एकदम आलेलं नाही. सीझनला आमच्या कलमांचे आंबे गंगारामच्या टेम्पोतून मुंबईला जातात. त्यात दादाच्या चाळीस पेट्या. टेम्पो परत येताना रिकामा येतो. दादा तो रिकामा येऊ देत नाही. दरवर्षी काही ना काही पाठवतोच. वाडीत इतरांचेही भाऊ मुंबईला आहेत, कुणी एक खुर्ची पाठवल्याचं ऐकिवात नाही.

आज दमलो. उद्यापासून.

११ एप्रिल

मधले तीन दिवस हवा फार दमट होती.

दादाला फोन केला. विचारलं, तुझं सामान जरा इकडचं तिकडे केलं तर चालेल का. तो कुठल्यातरी मॉलमध्ये होता. म्हणाला, "तू बघ रे धाकू, असू दे तुझ्याकडे, उपयोगाला येईल." म्हणजे काहीही टाकू नको. भावाभावांत फोड करून सांगावं लागत नाही.

सगुणा म्हणाली, तुमच्याकडे असू दे म्हणाले म्हणजे तुमचं झालं, द्या भंगारात. मी तिला म्हटलं, तुला भाऊ नाही, तुला कळणार नाही. ती उठून आत गेली. कधीकधी बोलायला लागतं.

१३ एप्रिल, रविवार

मोबाईलवर एक उत्तम व्हिडिओ सापडला. एक बाई सांगते, प्रत्येक वस्तू हातात घ्या, मनाला आनंद झाला तर ठेवा, नाही झाला तर निरोप द्या.

ट्रेडमिल हातात येईना, म्हणून नुसता हात लावला. आनंद झाला.

फ्रिज: झाला. टीव्ही: तिन्हींना झाला. काचेच्या पेटीला तडा आहे, तरी झाला.

ही पद्धत बरोबर आहे, पण सुरुवात चुकीच्या खोलीतून झाली. संध्याकाळी ओटीवर येऊन सगुणाच्या शिलाई मशीनला हात लावला. काहीच वाटलं नाही.

१८ एप्रिल

कामाला सुरुवात. शिलाई मशीन भंगारवाल्याला दिलं.

विचार करूनच दिलं. ते पायाचं मशीन, आणि नव्या गुडघ्यांनी पाय मारायचे नाहीत. मग ओटीवर चार फूट जागा अडवून काय उपयोग? वाडीतले ब्लाऊज शिवून तिने आमच्या मुलीला, नम्रताला, नर्सिंगला घातलं, हे ती कधी बोलून दाखवत नाही, पण मशीनकडे बघताना तोंडावर दिसतं. पगार माझाही होता. माझ्या पगारातून मागची खोली उभी राहिली.

भंगारवाल्याची नजर ट्रेडमिलवर होती. त्याला तिथल्या तिथे सांगितलं, ते विकाऊ नाही.

सगुणा जिन्यात उभी राहून बघत होती. भंगारवाल्याचा टेम्पो वळल्यावर तिने विचारलं, खणातली बटणं काढलीत का? बटणांचा डबा, दोरे, तिची कात्री, सगळं खणातच होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर बोलली नाही. त्यामुळे वाचन चांगलं झालं.

२२ एप्रिल

दादाच्या पेट्या भरल्या. सगुणा स्टुलावर बसून पेंढा घालत होती. मोठं फळ दादाच्या पेट्यांत, हे तिला दर थोड्या वेळाने सांगावं लागतं. दुपारपर्यंत तिचे गुडघे सुजले. मी म्हटलं, नाहीतरी बदलायचेच आहेत, तोवर वापरून घेतलेले बरे. मजुरीवर आलेल्या बायका पेंढा गोळा करत होत्या, त्या हसल्या नाहीत. विनोद सगळ्यांना कळतोच असं नाही.

२५ एप्रिल. दुपारी.

गंगाराम परत आला. टेम्पोत मसाजची खुर्ची. चालत नाही, पण रेक्झिन चांगलं आहे.

डोळे भरून आले. ऑपरेशनचं मी दादाला बोललोच नव्हतो. तरी गुडघ्यांसाठी खुर्ची पाठवली. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच.

गंगाराम म्हणाला, "काका, ठेवू कुठं? आत तर जागाच नाय." शेवटी खोलीच्या दारातच ठेवली. दार आता पूर्ण उघडत नाही. तात्पुरतं आहे.

आंबे कसे होते ते दादाने कळवलं नाही. कामात असेल.

२९ एप्रिल

नवीन प्लॅन. हा आधीच सुचायला हवा होता. माडीवर सगुणाचं सामान आहे, ते काढायचं. तिथे दादाचं चढवायचं. खोली आपोआप रिकामी.

सगुणाच्या दोन ट्रंका, तिच्या आईचं घंगाळ, पाटा-वरवंटा, गोधड्या, असं सगळं आज दिलं. भंगारवाला आता मला नावाने ओळखतो. सगुणा म्हणाली, ट्रंकेत लग्नातला शालू होता. मी विचारलं, कुठे नेसणार होतीस?

माडीचा अर्धा भाग मोकळा. एका दिवसात. हा वेग ठेवला तर ३ तारखेलाच संपतंय.

१ मे

मोठा सोफा जिन्यात अडकला. मी खालून ढकलत होतो, वरून कोणी नव्हतं. वर जात नाही, खाली येत नाही. सगुणा तेव्हा वरच होती, हॉस्पिटलची पिशवी भरत. तिला सोफ्यावरून यावं लागलं. उद्या ज्यांचं ऑपरेशन ते गुडघे टेकत, रांगत ती सोफ्याची पाठ ओलांडून आली. मी हात दिला होता, पण माझा दुसरा हात सोफ्याला होता.

जावई ऋत्विक गाडी घेऊन आला होता. त्याने ते बघितलं. जयगडला पोर्टवर कामाला आहे, एवढाले कंटेनर हलवतो, पण एक सोफा हलवू का असं विचारलं नाही. सगुणाला धरून घेऊन गेला.

आज ओटीवर झोपणार.

२ मे

ऑपरेशन व्यवस्थित. मी दुपारी चारला पोचलो. शर्ट माडीवर होते.

सगुणा गुंगीत होती. डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, खोली झाली का? म्हटलं, नव्वद टक्के. नम्रता उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या ऑडिटरची आठवण झाली.

५ मे

मुदत संपली. नव्वद टक्के कायम.

दोन गडी बोलावले होते. त्यांनी विचारलं, काढून ठेवायचं कुठे? म्हटलं, खळ्यात नको, उघड्यावर भिजेल. ते म्हणाले, पाऊस कुठाय? मी म्हटलं, येणार तर आहे. चहा पिऊन गेले.

तरी दारापासून कमोडपर्यंत वाट काढली आहे. मसाजची खुर्ची फिरवून ठेवली. टेपने मापलं, रुंदी दीड फूट. मी आडवा चालत आरामात जातो.

७ मे

आज सगुणा घरी आली.

वॉकर दोन फुटांचा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती वॉकर घेऊन वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. मी म्हटलं, आडवी चाल. नम्रता म्हणाली, बाबा, तिच्या दोन्ही पायांना टाके आहेत.

मग तिला बसवायला खुर्ची पाहिजे होती. घरात अकरा खुर्च्या आहेत, सगळ्यांवर काही ना काही होतं. दोन रिकाम्या करीपर्यंत सगुणाला बाथरूमला जायची घाई झाली. शेवटी नम्रताने मला खळ्यात उभं केलं, ओटीचं दार लोटलं आणि आईला भांडं दिलं. आतून सगुणाच्या रडण्याचा आवाज आला. तिला मी रडताना ऐकलेलं नाही, म्हणून आधी ओळखला नाही.

भांडं नम्रताने गाडीत बरोबर आणलं होतं. म्हणजे पोरीचा बापावर आधीपासूनच विश्वास नव्हता. या गोष्टीचं मला जास्त लागलं.

सगुणा जयगडला नम्रताकडे गेली. चार-आठ दिवस. बरं झालं, मला मोकळेपणी काम करता येईल.

२० मे

काम चालू.

फोन केला. सगुणा वॉकरशिवाय चार पावलं टाकते. कॉलनीतल्या बायका भेटायला येतात. जावयाने तिला मोटरवालं शिलाई मशीन आणून दिलं, पाय मारावे लागत नाहीत. क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात मशीन. पसारा होणार. नम्रताला तसं सांगितलं, तर फोन कटला. जयगडला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

२८ मे

दादा आणि दमयंती वहिनी वाडीतल्या लग्नाला आले. भाट्याला हॉटेलात उतरले. मला त्रास नको म्हणून.

घरी अर्धा तास आले. खोली दाखवली. म्हटलं, तुझी एकूण एक वस्तू जपून ठेवली आहे. वहिनी दारातूनच म्हणाली, "शी, हे अजून आहे?" दादा हसायला लागला. म्हणाला, "अरे, सोसायटीत मोठं सामान टाकू देत नाहीत. गंगाराम रिकामा जातो, म्हणून त्याला देतो. तू ठेवलंस कशाला?"

इकडे राहायला येण्याचं विचारलं. पुण्यात मुलाच्या शेजारी फ्लॅट घेतलाय म्हणाला. झाले आता सहा महिने. इथे त्याला करमणार नाही, डासही फार.

मग बाथरूम कुठे म्हणाला. दाखवलं. त्याचं पोट सुटलंय, दीड फुटातून गेला नाही. हॉटेलवर जातो म्हणाला. जाताना सगुणा कुठे दिसत नाही असं विचारलं. सांगेपर्यंत गाडीत बसला होता.

दादाची थट्टा करायची सवय लहानपणापासूनची आहे.

३० मे

गंगारामला गाठून विचारलं, दादा सामान देताना काय सांगतो, शब्दशः सांग. तो चहाच्या टपरीवर होता. आधी टाळलं. मग म्हणाला, "काका, खरा सांगू? ते सांगतात, वाटेत घाटात टाक कुठंतरी. पहिल्या वर्षी मी तुमच्याकडं उतरवला, तुम्ही लय खूश झालात. मग दर वर्षी आणीत गेलो. तुमचं मन कशाला मोडू?"

घरी आलो. सोफा जिन्यातच आहे, त्यावर बसलो. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, खूपच वाटलं.

३१ मे

सकाळी डोकं शांत झालं. दादाने हे टाकलेलं आहे आणि मी घेतलेलं आहे. म्हणजे कायद्याने सगळं माझं. परक्याचं असतं तर एक वेळ टाकलं असतं, स्वतःचं कोण टाकतं? सगुणाचंच म्हणणं होतं की ते आपलं झालं. ऐकलं तर तिला बरं वाटेल.

निर्णय: १५ जूनपर्यंत सगळ्याची यादी करणे.

१४ जून, शनिवार

यादी चालू. फ्रिजपर्यंत आलो आहे.

सकाळी नम्रता आली. एकटीच. म्हणाली, आई आता तिकडेच राहणार, तिचं सामान न्यायला आले. मी म्हटलं, दोन खोल्यांत मावणार कुठे? दोन खेपा कराव्या लागतील, गंगारामला सांगू का? ती म्हणाली, बघते.

सोफ्यावरून माडीवर गेली. खाली आली, ओटी बघितली, स्वयंपाकघर बघितलं. मशीनचं विचारलं. दिलं म्हटलं. ट्रंका? दिल्या. आजीचं घंगाळ? तेही.

वीस मिनिटांत झालं. दोन साड्या, चष्मा, आधार कार्ड, दुखण्याची फाईल आणि तिच्या आईचा फोटो. कापडी पिशवी होती, ती अर्धीच भरली. नम्रताने पिशवी उचलून बघितली. मग म्हणाली, बाबा, एवढंच?

मी म्हटलं, एवढंच कसं असेल, घर भरलेलं आहे, नीट शोध. तिने शोधलं नाही. मीच शोधलं, दुपारी दोनपर्यंत. मिळालं नाही.