वेंडेलच्या हातातलं माझं मत

२ ऑक्टोबर

लिही, जनेल. आजी सांगते तेच. सुधारायचं नाही, गोड करायचं नाही. आणि शेवटी वाचून दाखवायचं.

आज पेपरवाली मुलगी आली होती. दारोदार तिचा एकच प्रश्न — तुमचा वॉर्ड चाळीस वर्षं डेमोक्रॅट, मग मागच्या वर्षी रिपब्लिकन कसा झाला? कारखाना बंद पडला म्हणून? महागाई? तरुण पोरं?

"कितीने झाला?" मी विचारलं.

"एका मताने, आजी."

एका मताने! तिच्याकडे कारणांची यादी होती. माझ्याकडे एकच कारण, आणि ते समोर बसून कॉफी पीत होतं.

मी वेंडेलकडे बघितलं. वेंडेलने कपात बघितलं.

३ ऑक्टोबर

पानाला माहीत असावं — मला अक्षर येत नाही. बावन्न वर्षं मत द्यायला माझा नवरा वेंडेल माझ्याबरोबर येतो. मी कानात सांगायचं, त्याने खूण करायची. कायद्यात बसतं. फक्त एकच — मी पक्की डेमोक्रॅट आणि तो हाडाचा रिपब्लिकन. बापाकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या, घड्याळ आणि पक्ष. घड्याळ केव्हाच बंद पडलं.

पूर्वी मशीन होतं. एक खटका ओढला की झालं; हात कुठे जातो ते दिसायचं. आता कागद आलाय. त्यावर मुंगीच्या अंड्यांएवढे गोल. त्यातला कुठला काळा केला ते देवाला ठाऊक, नाहीतर वेंडेलला.

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चबाहेर सगळे हसत होते. "ओडेसा, तुमच्या घरात मतं दोन, आणि दोन्ही वेंडेलची!" सगळ्यात मोठ्याने मीच हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही.

मिसिसिपीत माझी आई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर गोऱ्या बाबूने कागद सरकवला आणि म्हणाला, "वाच." वाचता येईना. परत पाठवलं. ती तीनदा गेली. तीनही वेळा चांगला पोशाख घालून.

ही ओळ राहू दे, जनेल.

१२ ऑक्टोबर

सरळ विचारलं. "वेंडेल, मी सांगते तेच लिहितोस ना?"

"बावन्न वर्षांनी विचारतेस?"

"कागद आता आलाय."

पीच कॉबलर, त्याचं आवडतं गोड, आइस्क्रीमशिवाय खाल्लं त्याने. म्हणजे लागलं. पण खरं बोलणाऱ्यालाही लागतं आणि चोरालाही!

जनेल म्हणते, "आजी, यंदा मी येते आत." नको. यंदाचं मत नीट पडेल, पण आधीच्या मतांचं काय? मला नवरा कळायला हवाय.

२० ऑक्टोबर

सापडलं!

जनेलने नमुन्याची मतपत्रिका वाचून दाखवली. अगदी खाली आमच्या वॉर्डाचा केंद्रप्रमुख. मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरात पहाटेपासून रात्रीपर्यंत टेबलाशी बसायचं काम. उभं कोणीच नाही. नुसती रिकामी ओळ — वाटेल ते नाव लिहा. एक-दोन मतांतही निवडून येतात म्हणे. आणि कुणाला किती पडली ते नंतर कळवतात.

मी त्याला बर्निसचं नाव लिहायला सांगणार!

बर्निस शेजारीण. दोन हिवाळे झाले, वेंडेल तिच्याशी बोलत नाही. त्याचं यंत्र बर्फ उडवतं ते थेट तिच्या फाटकात. तिने नगरपालिकेत तक्रार केली. तिला एक मत पडलं, तर वेंडेल सच्चा. नाही पडलं, तर...

बर्निसने आपलं मत टपालाने कधीच पाठवलंय. ती ओळ कोरीच ठेवली तिने. हे मी केकच्या तुकड्यावर काढून घेतलं.

४ नोव्हेंबर

"डेमोक्रॅट सगळे," मी कानात सांगितलं. "आणि खाली बर्निस."

पेन थांबलं. "कोण?"

"बर्निस. आडनावासकट."

"ओडेसा, तू मला मारायला निघालीस."

"मत माझं आहे, वेंडेल."

तिचं पोलिश आडनाव मालगाडीएवढं. पेन तेवढा वेळ चाललं खरं. पण पेन चालवायला काय जातं!

मग स्वतःच्या कागदाला बसला. हाताचा आडोसा करून. एरवी दोन मिनिटांत उठतो.

"काय लिहितोयस एवढं?"

"गुप्त मतदान असतं, बाई."

१० नोव्हेंबर

पहिला बर्फ. बर्निसच्या फाटकात दुप्पट.

२५ नोव्हेंबर

बर्निस पत्र नाचवत आली! "ओडेसा, मला कोणीतरी केंद्रप्रमुख करायला निघालंय! एक मत! आणखी एकालाही एकच आहे म्हणे, शुक्रवारी चिठ्ठी काढणार. कोण मेला माझ्या जिवावर उठलाय?"

वेंडेल पेपरामागे. पेपर हलत होता.

संध्याकाळी कॉबलर केलं. वर आइस्क्रीमचे दोन गोळे.

"हे कशाबद्दल?"

"असंच. खा."

२६ नोव्हेंबर

आमच्या टपालपेटीतही तसंच पाकीट. जनेलने वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं. दुसरं मत — ओडेसा प्रुइट.

"नीट वाच."

"नीटच वाचलंय, आजी."

"वेंडेल! मला अक्षर येत नाही, माणसा!"

"एकही मतदान न चुकवलेली वॉर्डात तूच आहेस," तो बूट चढवत म्हणाला आणि बर्फ काढायला गेला.

लिही, जनेल. बावन्न वर्षांत पहिल्यांदा वेंडेलने डेमोक्रॅटला मत दिलं.