जडवस्तू नोंदवहीतील सातव्या आंब्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. नाशिक

विषय : नग क्र. ७ जागेवरून न उपटण्याबाबत.
संदर्भ : शाळा बंद झाल्याने सर्व साहित्य केंद्रशाळेत जमा करण्याविषयीचे आपले पत्र व स्मरणपत्र.

महोदय,

खाली सही करणारी अर्जदार, बोरीचा पाडा (हरसूल परिसर) येथील शाळेची विज्ञान शिक्षिका, सविनय कळवते की,

१) यंदाच्या पावसाळ्यात अर्जदाराने सहावी-सातवीच्या अकरा मुलांना अभियांत्रिकी आराखडा कसा करतात ते कलमे बांधून शिकवले. मुलांनीच चोखून फेकलेल्या कोयींची रायवळ रोपे कुंपणाला उगवली होती. त्यांवर केशर आंब्याच्या काड्या जोडायच्या. अडचण लिहा, चित्र काढा, बांधा, वाळले तर का वाळले ते शोधा आणि पुन्हा बांधा, असा तो पाठ. दुधाच्या पिशवीची पट्टी, सायकलची ट्यूब, केळीच्या खोडाचे सोपट, मुलांनी सगळे करून पाहिले.

२) चूक अर्जदाराचीच आहे. तपासणीत "उपक्रमाचे साहित्य दाखवा" म्हटल्यावर तिने घाईघाईत अकराही कलमे जडवस्तू नोंदवहीत टेबल-खुर्च्यांखाली चढवली. ओळखीच्या खुणेचा रकाना मोकळा दिसू नये म्हणून नग क्र. ७ पुढे "लाल रिबीन" असे लिहिले. जिवंत झाड त्या वहीत घालू नये, एवढे तिला सुचले नाही. दिवाळीनंतर शाळा बंद झाली आणि वहीप्रमाणे कपाट, घंटा व अकरा आंबे जमा करण्याचा आदेश आला. दहा कलमे मातीच्या गड्ड्यासकट काढून दिली. त्यांतली चार केंद्रशाळेच्या व्हरांड्यात कपाटाशेजारी वाळली. पोच मात्र "सुस्थितीत" अशी मिळाली.

३) नग क्र. ७ कु. वैष्णवी पुंजा भोये हिचा. तिच्या दोन काड्या वाळल्या. तिसऱ्या वेळी पट्टी कमी पडली, तेव्हा तिने वेणीची रिबीन सोडून वरून बांधली आणि म्हणाली, "बाई, साल सालीला लागली का जुळतंच. आता नाय सुटायचं." पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. हरसूलचा दवाखाना झाला, नाशिकला नेले. पंधराव्या दिवशी पोर गेली. कलमाला तांबडी पालवी फुटली ती तिच्या दहाव्यानंतर.

४) बांधणी वेळेत सोडली नाही तर ती खोडात रुतते आणि कलम मरते, हे अर्जदारानेच शिकवले. तरी त्या रिबिनीला कात्री लावायला तिचा हात धजेना. वैष्णवीची आई छायाबाई बाजाराला जाता-येता झाडाला पाणी घालतात. परवा त्यांनीच गाठ सोडली. "आवळत होतं तिला," एवढेच बोलल्या.

५) स्मरणपत्रानुसार नग क्र. ७ ओळखीच्या खुणेसह जमा करायचा आहे. साहेब, तो आता उपटला तर जगणार नाही. वहीत "हरवला" लिहा, "मोडला" लिहा, लागेल ती शिक्षा मला करा. पोरीसाठी मला काही करता आले नाही. एवढे झाड तिच्या आईजवळ राहू द्या.

आपल्या एका सहीसाठी हात जोडून,

आपली नम्र,
(सही)
तेजश्री गायधनी
दि. १२/१२/२०२४

सोबत :
१) वैष्णवीच्या विज्ञान वहीचे पान, तिन्ही आराखड्यांसह (झेरॉक्स).
२) ओळखीची खूण, लाल रिबीन : जोडता आली नाही. ती छायाबाईंनी मनगटाला बांधली आहे.