भोंगा बंद असताना

३ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेसात

खोलीच्या उंबऱ्यावर बसलो आहे. बूट उन्हात ठेवले आहेत, ते वाळेपर्यंत ही वही सुरू करतो. काल संध्याकाळी पोचलो. जागा झकास आहे. दोन खाटा, एक शेगडी, भिंतीला एकही भेग नाही आणि दारासमोरच ती खाण. वीस वर्षांपूर्वी बंद पडली. आत गवताची काडी नाही, नुसता करडा दगड आणि मुरूम. उतरायला एकच वाट. ती मध्यावर वळते आणि पुढचं दिसत नाही.

ताईचं पदव्युत्तर शिक्षण या खड्ड्यावरच चाललं आहे. मोडून टाकलेलं रान पुन्हा उभं कसं करायचं, हा तिचा विषय. मी दहावीतच शाळेला रामराम ठोकून दुकानात कामाला लागलो, म्हणून तिने मला दुकानाच्या भाषेत समजावलं. नुसती रोपं लावून भागत नाही. बिया आणायला पाखरं लागतात आणि पाखरं ओसाड जागी उतरत नाहीत. दुकानात गर्दी दिसली की माणूस डोकावतो, तसंच त्यांचं. म्हणून टेकडीपलीकडच्या शाबूत रानातले आवाज रेकॉर्ड करून आणायचे आणि खाणीच्या तळाशी खांबावर टांगलेल्या भोंग्यातून रोज सकाळ-संध्याकाळ वाजवायचे. पाखरांना वाटावं, इथे वस्ती आहे. भोंगा लावणं, बंद करणं आणि पुसणं हे माझं काम. पगार तिच्या प्रकल्पातून.

लहानपणी सारखा तिच्यामागे असायचो म्हणून ती मला शेपूट म्हणते. आज दूधवाल्यालाही तिने माझं तेच नाव सांगितलं. तो बिचारा मला शेपूटभाऊ म्हणाला.

९ फेब्रुवारी, सोमवार

मी यायच्या आधीपासून, दोन महिने भोंगा वाजतो आहे, पण एक चिमणीसुद्धा आलेली नाही. ताईच्या गाइडसरांचा फोन आला होता. तेवीस तारखेला ते स्वतः येणार. तोवर काहीच परतलं नसेल तर प्रकल्प बंद, म्हणजे ताईची दोन वर्षं पाण्यात. भोंगा वाजवून बँडवाला होता येतं, पदवी मिळत नाही, असंही ते म्हणाले म्हणे. ताईने हसून सांगितलं, पण ताट तसंच सारलं.

मी भोंगा दोनदा पुसला. माझ्या हातून काही चुकायला नको.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भोंगा मध्येच खरखरायला लागला होता. काढून खोलीत आणला आणि संध्याकाळी मांडीवर घेऊन उघडला. तारा सुट्या, बॅटरी बाजूला. नेहमीची वेळ झाली आणि खाणीतून आवाज सुरू झाला. तीच पाखरं, तोच क्रम. आणि जिथे आमचा भोंगा खरखरायचा, तिथेच तो आवाजही खरखरला.

ताईला बोलावलं. तिने मला मिठीच मारली. हे नकला करणारं पाखरू आहे, काहीतरी परतलं, असं म्हणत खोलीभर नाचली. मी विचारलं, कुठलं पाखरू? ते तिला सांगता येईना. मग मी म्हणालो, आपण ज्याला बोलावलं तेच आलं असेल कशावरून? त्यावर ती म्हणाली, शेपूट, जरा गप्प बस, माझी पदवी गाते आहे.

मी तारा गोळा केल्या. पण भोंगा जोडला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दूधवाला सकाळी येऊन गेला. दुपारी भर उन्हात खाणीतून त्याची आरोळी आली. दूऽऽध. आम्ही दोघं हसलो. मग पुन्हा आली. मग त्याच्या आवाजात "शेपूटभाऊ".

ताई हसायची थांबली नाही. मी थांबलो.

१८ फेब्रुवारी

दूधवाल्याला सांगितलं. त्याने कान देऊन ऐकलं आणि किटली रस्त्यावरच ठेवून गेला. पैसे नंतर, म्हणाला. परत येईल असं वाटत नाही.

ताईला म्हणालो, घरी जाऊ. ती म्हणाली, सोमवारी सर येतील, त्यांना एकदा ऐकू दे, मग तू म्हणशील तिथे जाऊ. तिचे डोळे बघून मी बांधायला घेतलेली पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

१९ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला होता. ताईने गदागदा हलवून उठवलं. ती घामाघूम झालेली. म्हणाली, खाणीतून हाका मारून मला अर्ध्या वाटेपर्यंत का उतरवलंस, आणि इथे झोपून काय राहिलास?

मी हाक मारली नव्हती.

आता तीही घाबरली आहे. मी एक नियम केला आणि दोघांनी हातावर हात मारला. नुसत्या हाकेवर विश्वास ठेवायचा नाही. माणूस डोळ्यांना दिसला तरच तो आपला.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

नीट लिहितो. घडलं त्याच क्रमाने.

सकाळी ताईला म्हणालो, खालची वायर सोडवून आणतो, म्हणजे सोमवारी लगेच निघता येईल. वळणापर्यंत गेलो. पुढे पाय उचलेना. लाज वाटली म्हणून तिला न सांगता मागच्या बाजूने खोलीत आलो. ती वाटेकडे पाठ करून काठावर फोन धरून आवाज टिपत होती. तिच्या लेखी मी खालीच.

मग खाणीतून मी ओरडलो. ताई, पाय अडकला, दगड हलत नाही.

मी धावत बाहेर आलो. ती वाटेला लागली होती. ओरडलो, ताई थांब, मी इथे आहे, वर आहे! तिने मागे पाहिलं नाही. नुसत्या हाकेवर विश्वास ठेवायचा नाही. नियम माझाच.

ती वळणाआड गेली. मी ओरडतच होतो. तेव्हा खालून माझा आवाज आला — ताई, वरचं ऐकू नकोस.

नंतर

एकच फोन, तो तिच्याकडे. रस्त्यावर कुणी नाही.

ती हाक मारते आहे. शेपूट, कुठे आहेस? रडते आहे. ती असेल. नसेल. मी ओ दिली तरी तिला पटणार नाही. तिला दिसायला हवं मी. म्हणजे उतरायलाच —

दोर घेतला. मुकाट्याने जायचं. तोंड उघडायचं नाही.

आईसाठी हिशोब, तिला कुणाला विचारावं लागू नये म्हणून. खर्च: दोर एकशे ऐंशी, तारा साठ. देणे: दूधवाल्याचे चौसष्ट. किराणा दुकानाचे पंचेचाळीस. ताईचे —

ओ आली. खालून. माझ्या आवाजात. आलो गं ताई, हात दे —

ती म्हणते आहे, हा घे, हा घे माझा