‘आई’ आणि ‘दवाखाना’ यांच्यामधली जागा

आई, आज दुपारी मी तुझा आवाज जवळजवळ पुसून टाकला होता. फोनवरचे तुझे बोललेले निरोप मी कॉम्प्युटरवर दोन फोल्डरमध्ये ठेवलेत. एकाचं नाव ‘आई’. त्यात मुरबे गावातल्या आपल्या घरचं सगळं आहे, बोंबील वाळले, जेवलीस का, बोईसरहून कधी निघतेस. दुसरं ‘आई दवाखाना’. ते मला ऐकवत नाही, म्हणून काढून टाकायचं ठरवलं. दुसरी प्रत कुठेच नाही. कंपनीत बॅकअपसाठी सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागणारी मी, घरी मात्र आनंदच.

तुला आठवतं, एकदा चुलीपाशी सुकट निवडताना तू विचारलं होतंस, दिवसभर त्या मशीनला सांगतेस तरी काय. मी म्हटलं, नावात मोकळी जागा आली की त्याला ती दोन नावं वाटतात, म्हणून अख्खं नाव अवतरणचिन्हांत बांधून द्यावं लागतं. मान वर न करता तू म्हणालीस, "म्हंजे तुझ्या बापासारका हाय. अर्धा ऐकते नि उठते." बाबा ओट्यावरच बसले होते. ते हसले नाहीत, आपण दोघी हसत सुटलो.

जुने फोल्डर पुसायला मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिलीय. आज तिला फोल्डरचं नाव देताना अवतरणचिन्हं घातली, पण स्क्रिप्टच्या आत, जिथून ते नाव पुसणाऱ्या आज्ञेकडे जातं, तिथे घालायची राहिली. बाहेर बांधलेलं आत सुटलं. काय काय जाणार ते सवयीने आधी नुसतं पडद्यावर छापून पाहिलं, तर दोन ओळी. वर ‘आई’, खाली ‘दवाखाना’. नुसतं ‘दवाखाना’ नावाचं काही नव्हतंच. गेली असतीस ती तू, मुरब्याची, सगळी.

आता आतही चिन्हं घातलीत. पुन्हापुन्हा छापून पाहिलं, एकच ओळ येते. तरी बोट एंटरवर जाईना, म्हणून ते फोल्डर उघडून पालघरच्या दवाखान्यातला तुझा शेवटचा निरोप ऐकला. तू म्हणतेस, "माला भीती वाटते गं. ऐकते नं तू?" वादळात होड्या परतेपर्यंत किनाऱ्यावरून न हलणारी तू. हे ऐकायला नको, म्हणूनच तर ते काढायचं होतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? फोल्डर तिथेच ठेवलंय. खरं सांगू, आई, तू गेल्यापासून मलाही फार भीती वाटते, आणि या घरात ते मोठ्याने म्हणणारी आता तू एकटीच आहेस.