आईसमोर इंग्रजी

९ नोव्हेंबर

ढब्बू गेला. इथे लिहिते, कारण घरात हे मराठीत बोलायचं नाही असं ठरलंय.

पहाटे त्याच्या घरमालकांचा फोन आला — "युअर ब्रदर एक्स्पायर्ड." झोपेतच. माझा धाकटा भाऊ, अजून चाळिशीही गाठली नव्हती! आई आतल्या खोलीत झोपलेली. तिच्या हृदयाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे म्हणाले, "आईंसमोर जे काय बोलायचं ते इंग्रजीत. त्यांना कळणार नाही." मी मान हलवली.

११ नोव्हेंबर

त्याच्या गावी जाऊन, सगळं उरकून आलो. आईला सांगून गेलो होतो, ह्यांच्या ऑफिसचं काम आहे. शेजारीण तिच्याजवळ राहिली.

हॉस्पिटलात जो तो "बॉडी, बॉडी" करत होता. मीही काउंटरवर विचारलं, "बॉडी केव्हा मिळेल?" आपल्याच भावाला बॉडी म्हटलं!

चेहरा शांत होता. आईने बघायला हवा होता. आता ते कधीच होणार नाही. मी होऊ दिलं नाही.

दारात पाऊल ठेवलं तोच आई — "ढब्बूचा फोन आला का गं?"

"आला होता. तू झोपली होतीस."

१४ नोव्हेंबर

मावशी भेटायला आली. आईच्या पलंगावरच बसली, मला म्हणते, "सो सडन! फुल्ली एक्स्पायर!" मला हसू फुटलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की चहाचं निमित्त करून उठले. आई खिडकीकडे बघत होती.

१७ नोव्हेंबर

ढब्बूच्या कंपनीला पत्र लिहायचं होतं. मी काम करते त्या शाळेच्या ऑफिसातच बसून लिहिलं. 'डिसीज्ड' कागदावर चालतो, तोंडी कोणी म्हणत नाही. 'लेट' नावाच्या आधी लावायचा, जिथे एरवी 'श्री.' येतो. 'पास्ड अवे' म्हटलं की कोणी हळूच दार ओढून घेतल्यासारखं वाटतं.

इंग्रजीच्या बाईंना विचारलं, घरी आम्ही 'एक्स्पायर' म्हणतो, ते बरोबर का? म्हणाल्या, "माणसाला नको हो. सरळ 'डाइड' म्हणावं."

सरळ!

१८ नोव्हेंबर

आईने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

२२ नोव्हेंबर

आज जेवताना म्हणाली, "आवाज कसा होता त्याचा?"

"जरा सर्दी झालीय."

सुचलं कुठून मला? आता मी त्याला आजारीही पाडते, बरंही करते. आई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"आणखी काही म्हणाला?"

"नाही."

"बरं."

अर्धं ताट तसंच ठेवून उठली. ह्यांना म्हटलं, सांगून टाकू या. हे म्हणाले, "आणि त्यांना काही झालं तर?" खरं सांगायचं तर मला बरं वाटलं — आणखी एक दिवस ढकलला. आईच्या हृदयाचं नाव पुढे करते, पण भीती माझीच. मला न्यायला हवं होतंस, असं ती म्हणाली तर काय उत्तर देऊ?

२५ नोव्हेंबर

आज तिने फोनचं विचारलंच नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून शेवटी मीच म्हटलं, "आज ढब्बूचं विचारलं नाहीस?"

आई पांघरुणाची घडी घालत होती. "तुझे बाबा गेले तेव्हाही मला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत सगळे इंग्रजीत कुजबुजत होते. या घरात इंग्रजी सुरू झालं की मला कळतं. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग रोज विचारत का होतीस?"

"तुला सांगता यावं म्हणून."

घडी पलंगावर ठेवली. माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"चेहरा कसा होता गं त्याचा?"