आभाराची मिस्सा

१४ नोव्हेंबर १९७७

सहावं पाकीट आज टपालात टाकलं. आयर्लंड! बेल्जियम, इटली, जर्मनी वगैरे आधीच रवाना झालेत. हे देश मी शाळेच्या नकाशात तरी नीट पाहिले होते का, देव जाणे.

प्राचार्यांकडे सहीला गेले होते. म्हणाले, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू आहे, पदवी तरी हातात येऊ दे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण सही केली. त्यांना काय सांगू — इंटरनंतर मुंबईच्या मेडिकलची यादी चार गुणांनी हुकली, तेव्हापासून वर्गात बसून बेडूक कापते आणि मनात म्हणते, हे माझं नव्हे. मला माणसं बरी करायची आहेत.

आईला सांगितलं, बाहेरदेशी लिहिलंय, जागा मिळाली तर सहा वर्षं जावं लागेल. ती विड्याची पानं लावत होती. "बरं," म्हणाली आणि पुढची जुडी घेतली. डॅडी गेल्यापासून वाडी, विहीर, पानवेल सगळं तीच बघते. घरात दोघीच आम्ही. दोघी मिळून दिवसाला वीस वाक्यं बोलत असू.

३ डिसेंबर

टपाल नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. आईने दरवर्षीइतकेच वडे तळले. दोघींना किती लागणार? टोपलीभर उरले. शेजारून गाण्यांचा आवाज येत होता. मी दार लोटून घेतलं.

१९ जानेवारी १९७८

कॉलेजातून आले तर टेबलावर बेल्जियमचं पाकीट. फोडलेलं! पोस्टमनने शेजारच्या बॅप्टिस्टकाकांकडे दिलं, काकांनी आईकडे. आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तरी फोडायची घाई! चिडले तिच्यावर. दुपारी ती देवळात जाऊन आली होती म्हणे. नऊ दिवसांची नोव्हेना असेल कसलीतरी.

पत्र दोन ओळींचं. आधी पदवी पूर्ण करा, मग अर्ज करा.

माडीवर जाऊन रडले, तोंड धुऊन खाली आले, जेवले. आईने काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२२ जानेवारी, रविवार

आज देवळात जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रविवारची मिस्सा, सगळं गाव प्रार्थनेला. शेवटी फादर फ्रेडरिकनी सूचना वाचल्या. लग्नाच्या तीन, वर्षश्राद्धाची एक आणि मग — "आजची मिस्सा मार्गारेटबाईंकडून, मुलगी विनीसाठी, आभारार्थ."

आभार! परदेशी तिकीट बघून आईला वाटलं, जागाच मिळाली! बाकं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. बॅप्टिस्टकाकांनी ते तिकीट आधीच गावभर सांगितलेलं, मग काय! देवळाच्या अंगणात जो तो माझा हात हातात घेऊन म्हणे, डॉक्टरीणबाई, आमच्या गुडघ्यांचं बघा आता. मी हसत राहिले. आई सगळ्यांच्या पाठीमागे उभी होती, नवं लुगडं नेसून.

२६ जानेवारी

मटिल्डा मावशी सुकेळीचा पुडा घेऊन आल्या. केळीच्या सोपटात बांधलेला, घरीच उन्हात वाळवलेली केळी. "थंडीत रोज एक खा, पोरी. तिकडं आपलं कोन हाय तुला?"

इथे तरी कोण आहे, मावशी?

एक उघडून खाल्लं. गोड होतं. मग दुसरं. चोरासारखी खात बसले.

५ फेब्रुवारी

आज हिंमत केली. आई विहिरीवर होती. म्हटलं, आई, ते पत्र... तिने बादली ठेवली. "ऱ्हाऊ दे, बाय. लोक काय बोलायचं ते बोलू दे." आणि पाटाचं पाणी केळीकडे वळवलं.

मुलीचा एवढा अभिमान! तो कसा मोडू? तिला आनंद द्यावा असं डॅडी गेल्यापासून मी काय केलंय? हा एक आहे, तोही खोटा. पण किती एकटं वाटतं या खोट्यात! गावात सगळे माझ्याशी बोलतात आणि मी कुणाशीच बोलत नाही.

१ मार्च

सुकेळी संपली.

९ मार्च

मिळालं! मिळालं! मिळालं!

आयर्लंड. पोस्टमन मलाच रस्त्यात भेटला. इंटरचे गुण पुरेत, पदवीची अट नाही, फी माफ, सप्टेंबरात हजर व्हा. चार वेळा वाचलं. चिंचेखाली उभी राहून मोठ्यांदा हसले. कुत्रं भुंकलं माझ्यावर.

आईला नाही सांगितलं अजून. वेड लागलं नाही मला! नुसतं सांगितलं तर पहिलं पत्र नकाराचं होतं हेही सांगावं लागेल, आणि तिची मिस्सा खोटी ठरेल. त्यापेक्षा तिच्याच रीतीने करायचं. देवळातल्या वहीत नाव आणि हेतू लिहून मीच मिस्सा मांडणार. रविवारी फादर वाचतील — "विनीकडून, आई मार्गारेटसाठी, आभारार्थ." तिच्या शेजारी बसून ऐकेन. मग घरी येताना वाटेत सगळं सांगेन.

आज घर केवढं मोठं वाटतंय! आईकडे सारखी बघत होते. "काय गं?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

११ मार्च

देवळात गेले. तिथली व्यवस्था बघणारे पॉलकाका घंटा वाजवायला गेले, मिस्सांची वही माझ्यापुढे ठेवून. मागची पानं सहज उलटली. २२ जानेवारी, फादरांचं अक्षर —

"मार्गारेट. बेल्जियमचं पत्र मी वाचून दाखवलं. विनीला नकार आला, ती घरीच राहील, म्हणून आभार. हेतू वाचू नये."

काका परत आले. कुठला रविवार हवा, म्हणाले. नंतर सांगते म्हटलं.

घरी आले. आई पानं लावत होती. जवळ बसले. तिने अर्धी टोपली माझ्याकडे सरकवली.