नावापुढचं 'जी'

भिलाई,
ता. ९ फेब्रुवारी १९७९

प्रिय ईश्वर,

जय भीम. दरवेळी तुला रामराम लिहायचो, तुला बरं वाटावं म्हणून. या वेळी माझा लिहितो.

तुझं कार्ड मिळालं. आम्ही इथे बरे आहोत. सुमन पोरांच्या अभ्यासाच्या मागे लागली आहे. मायला इकडे घेऊन आलो, पण क्वार्टरात तिचा जीव रमत नाही. तुझे वडील गोमाजी पाटील कसे आहेत? तू सरपंच झालास, अभिनंदन.

इथली एक गंमत सांगतो. आमच्या लाईनीत देशभरची माणसं. बंगाल्याला दादा म्हणायचं, आंध्रवाल्याच्या नावापुढे गारू लावायचं. शेजारचे सरदारजी तर कोणत्याही म्हाताऱ्याला पापाजी म्हणतात. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा सरदारजींनी दारातून हाक मारली, "आओ पापाजी, चाय पियो." बाबांनी मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. मला हळूच म्हणाले, "बाबू, मलेच म्हणून राहिला का गा तो?" मग राहिले तेवढे दिवस उगीच त्या दारावरून चकरा मारायचे. मी हसायचो. आता हसू येत नाही.

गावात कोण म्हणणार त्यांना असं? तुझं शेंबडं पोरगंही "ए यादो" म्हणायचं, अन् पांढऱ्या केसांचे बाबा त्याला "जी मालक". आपण दोघं शाळेत एका बाकावर बसलो, तरी तू माझ्या बापाला यादो म्हणायचास अन् मी तुझ्या बापाला पाटीलजी. कधी मनात यायचं, एकदा नुसतं 'गोमा' म्हणून पाहावं. माझी चामडी सोलली असती तुम्ही!

निवडणुकीच्या आधी तू हात जोडत आमच्या मोहल्ल्यात आलास, हे मायनं सांगितलं. बाबा आजारी, खाटेवर. तू दारातून हाक दिलीस, "यादोरावजी, हाव का घरी?" बाबा मायला म्हणाले, "बायजा, पाह्य ना वं, कोन्या गावचा पाहुणा घर चुकला." मग तू आत गेलास. त्यांचे पाय धरलेस. तू गेल्यावर बाबा रडले रे. म्हणाले, "आता आपल्या गावातही मले जी म्हणतेत. बाबूले कळव." अंगात ताप होता, माय नको नको म्हणत होती, तरी बैलबंडीत बसून मत टाकायला गेले. तुलाच.

तुझा गुलाल उधळला, अन् चार दिवसांत बाबा गेले.

आता तुझं कार्ड. "यादो गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. इमानदार गडी होता." वाचून अंगाची लाही झाली. अरे, तुझं जी गेलं कुठं? मताबरोबर पेटीत पडलं काय? माणूस मेला, तो काही आता तुझ्या बरोबरीला येऊन बसणार नव्हता. कागदावर तरी त्याला जी म्हटलं असतंस तर तुझं काय जात होतं? त्यापेक्षा पाय धरायला आला नसतास तर बरं झालं असतं. निदान माझा बाप फसून मेला नसता.

पूर्वीसारखा घरी ये, दोन घास सोबत खाऊ, असं लिहिलंस. मायचं सामान आणायला मी पुढच्या महिन्यात येतो आहे. वरठी स्टेशनला उतरेन. घरची वाट तुझ्या दारावरूनच जाते, पण मी थांबणार नाही. हाक मारायचीच असली तर बाबू म्हणून मारू नकोस. चौकात, चार लोकांना ऐकू जाईल अशी पूर्ण नावानं मार. त्या नावात मधोमध माझा बाप आहे.

गोमाजींना माझा नमस्कार सांग. त्यांचं जी मी काढणार नाही, तसं मला माझ्या बापानं शिकवलं नाही.

'तुझा' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता

बाबुलाल यादोरावजी गजभिये